लहान खासगी मातीचं धरण : सुरक्षितता आणि स्थितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीच्या छोट्या धरणाचा मालक हाच बहुतेक वेळा त्या धरणाचा एकमेव पहारेकरी असतो. मोठ्या धरणांवर मोजमापाची उपकरणं असतात आणि पाळीने काम करणारी माणसं असतात. लहान धरणावर त्यातलं काहीच नसतं. तिथे मालकाचे पाय आणि डोळे यांवरच सगळं चालतं. म्हणून इथे काय बघायचं, कधी घाबरायचं आणि कशाला घाबरायचं नाही, यावर जास्त लिहिलं आहे. धरण बांधायचं कसं, हा इथला विषय नाही.

माझं धरण जेमतेम आठ-दहा मीटर उंच आहे. एवढ्याची काळजी करायची गरज आहे का?

आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं लॉन लेक धरण सुमारे ८ मीटर उंचीचं होतं आणि एका खासगी पाटबंधारे कंपनीच्या मालकीचं होतं. १५ जुलै १९८२ च्या पहाटे ते फुटलं. पाणी डोंगरउतारावरून खालच्या गावात घुसलं आणि तीन जण दगावले. जॉर्जियातलं केली बार्न्स धरण साधारण १२ मीटरचं होतं, एका खासगी महाविद्यालयाचं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री ते गेलं तेव्हा खाली लोक झोपेत होते. ३९ माणसं गेली.

लहान धरणात पाणी कमी असतं हे खरं, पण ते रिकामंही फार झपाट्याने होतं. मोठ्या जलाशयाला फुटल्यावर रिकामं व्हायला तास लागतात, तिथे लहान तलाव अर्ध्या तासात मोकळा होतो. शिवाय लहान धरणाच्या खाली घरं अगदी जवळ असतात, सावध करायला वेळच मिळत नाही. पाण्याचा दाब तलाव किती लांब-रुंद पसरला आहे यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. दहा मीटर खोल पाणी लहान तळ्यातही भरावावर, म्हणजे धरणाच्या मातीच्या बांधावर, तेवढाच दाब देतं जेवढा सरोवरात देतं.

मातीची धरणं नेमकी कशाने फुटतात?

मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे पाणी माथ्यावरून उलटून वाहतं आणि कोरड्या बाजूचा उतार खरवडून काढतं. दुसरं म्हणजे पाणी भरावाच्या किंवा पायाच्या आतून वाट काढतं आणि जाता जाता मातीचे कण बरोबर नेतं. ही आतली झीज पायथ्याकडून सुरू होते आणि मागे मागे पोखरत पाण्यापर्यंत पोचते. आत एखाद्या नळीसारखी वाट तयार झाली की तिला इंग्रजीत जसं म्हणतात तसंच आपल्याकडचे अभियंतेही ‘पायपिंग’ म्हणतात. तिसरं कारण उतार घसरण्याचं. ते या दोघांपेक्षा कमी वेळा घडतं, पण घसरलेल्या जागेवर माथा खाली आला की पहिलं कारण आपसूक जागं होतं.

काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी गेलं तर ते तग धरू शकतं. मातीच्या धरणाचं तसं नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी जाणं कधीच चालत नाही, मग भराव कितीही चांगला दाबलेला असो.

सांडवा तर वर्षभर कोरडाच असतो. त्याला एवढं महत्त्व का?

कारण सांडवा म्हणजे पुराचं जादा पाणी बाजूने काढून द्यायची वाट, आणि तो ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसरं काहीच उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या साउथ फोर्क धरणाची गोष्ट प्रत्येक खासगी मालकाने माहीत करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. ते मातीचं धरण, सुमारे २२ मीटर उंच, श्रीमंतांच्या एका मासेमारी आणि शिकारीच्या क्लबाच्या मालकीचं. क्लबाने धरण घेण्याआधीच्या मालकाने तळातले लोखंडी पाइप काढून भंगारात विकून टाकले होते, त्यामुळे तलावाची पातळी उतरवायची सोयच उरली नव्हती. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा रुंद करताना तो थोडा खाली आणला गेला. सांडव्यात जाळ्या बसवल्या, कारण तलावात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत. यातली एकेक गोष्ट करताना कुणाला ती जीवघेणी वाटली नसेल. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात जाळ्यांवर काडीकचरा अडकला, माणसांनी तो उपसायचा आणि दुसरीकडून चर खणायचा आटापिटा केला, पण पाणी माथ्यावर चढलं. खाली जॉन्सटाउन शहर होतं. २,२०९ माणसं मेली.

सांडव्याचा हिशेब अगदी साधा आहे. रुंद माथ्याच्या सांडव्यातून जाणारं पाणी, घनमीटर प्रतिसेकंदात, ढोबळमानाने १.७ गुणिले रुंदी गुणिले खोलीचा दीड घात एवढं असतं. १० मीटर रुंद सांडव्यातून अर्धा मीटर खोल पाणी वाहिलं तर सुमारे ६ घनमीटर दर सेकंदाला बाहेर पडतं. तोच सांडवा गाळाने आणि झुडपांनी पाव मीटर भरला, तर उरलेल्या पाव मीटर खोलीतून जेमतेम २.१ घनमीटर जातं. खोली निम्मी झाली आणि क्षमता निम्मी नाही, एक तृतीयांशावर आली. पावसाळ्यापूर्वी सांडव्यातली झुडपं कापण्यात एक दिवस जातो, त्या दिवसाची किंमत यावरून कळावी.

सांडव्याच्या तोंडाशी कुंपण, जाळी, फाटक, ओंडका, काहीही असू नये. सांडव्याचं पाणी पुढे भरावाच्या पायथ्याला न लागता वाहून जातं की नाही, हेही बघा. सांडव्याची तळाची जमीन मागे मागे कापत येत असेल तर ती तलावापर्यंत पोचण्याआधी थांबवणं भाग आहे.

उन्हाळ्यासाठी सांडव्यात फळ्या किंवा वाळूच्या गोण्या लावून फूटभर जास्त पाणी साठवलं तर चालेल का?

नाही. मोह समजतो, कारण पाण्याची गरज खरी असते. पण धरणाचा माथा आणि भरलेल्या पाण्याची पातळी यांतलं मोकळं अंतर हे पूर आणि लाटांसाठी राखलेलं असतं. लहान धरणात ते बहुधा मीटरभर असतं. फूटभर पाणी वाढवलं की पुराला लागणारी सांडव्यातली खोलीच जाते, वरच्या हिशेबाप्रमाणे क्षमता कोसळते. गोण्या पुराच्या वेळी काढू, असं सगळे म्हणतात. पूर रात्री येतो आणि तेव्हा सांडव्यात उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

जास्त साठा हवाच असेल तर रीतसर आराखडा करून माथा आणि सांडवा दोन्ही बदलावे लागतात.

धरणाच्या पायथ्याशी ओल आहे. म्हणजे धरण गेलं का?

मुळीच नाही. प्रत्येक मातीचं धरण झिरपतं. चिकणमातीचा गाभा पाण्याचा वेग कमी करतो, त्याला पुरतं थांबवत नाही. चांगल्या धरणात हे झिरपणारं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आणि पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून शांतपणे बाहेर येतं.

म्हणून झिरपा किती आहे यापेक्षा तो कसा आहे आणि बदलतो आहे का, हे विचारा. पाणी स्वच्छ आहे का? तलाव तेवढाच भरलेला असताना मागच्या वर्षी एवढंच होतं का? ओल पायथ्याशी आहे की उताराच्या मध्यावर चढली आहे? उताराच्या मध्यावर, खास करून भरावाच्या वरच्या अर्ध्यात, नवी ओल दिसणं ही वाईट खूण, कारण आतली पाण्याची रेषा वर चढल्याचं ते लक्षण आहे. कोरड्या दिवसांतही एखादाच पट्टा हिरवागार राहतो, तिथे लव्हाळी उगवतात, चालताना पाय रुततो, अशा जागा कोरड्या मोसमात सकाळी फिरताना चटकन दिसतात.

सगळ्यांत महत्त्वाचा रंग. झिरपणारं पाणी गढूळ झालं म्हणजे ते माती घेऊन येतं आहे, आणि ती माती तुमच्या धरणाची आहे. डोळ्यांवर विसंबू नका. काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी धरा, रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी थर बसला आहे का बघा. बाटलीवर तारीख आणि जागा लिहून ती जपून ठेवली तर पुढच्या वर्षी तुलना करता येते.

गळती अचानक कमी झाली तरी खूश होऊ नका. निचरा गाळाने बंद झाला असेल, तर तेच पाणी आत कोंडून दुसरीकडे वाट शोधतं.

गळती मोजायची कशी? माझ्याकडे कुठलंही उपकरण नाही.

बादली आणि घड्याळ पुरेसं आहे. गळतीचं पाणी छोट्या पन्हाळीत किंवा पाइपच्या तुकड्यात घ्या, खाली १० लिटरची बादली ठेवा. ती ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. आकडा वहीत लिहा आणि त्यासमोर त्या दिवशीची तलावाची पातळी आणि गेल्या काही दिवसांचा पाऊस लिहा. पातळीशिवाय गळतीच्या आकड्याला अर्थ नाही, कारण तलाव भरला की गळती वाढणारच.

पाणी जास्त असेल तर ओहोळात पत्र्याची आडवी पट्टी बसवून तिच्यात काटकोनी इंग्रजी व्ही आकाराची खाच कापतात. पट्टीच्या जरा मागे, पाणी संथ असेल तिथे खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. ५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर, १० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं, त्यामुळे लहानसा बदलही लगेच कळतो.

गढूळ पाणी येताना दिसलं, किंवा पायथ्याशी जमिनीतून पाणी उकळ्या मारत वर येतं आहे. आता काय?

आधी खालच्या लोकांना कळवा. दुरुस्ती नंतर. अमेरिकेतलं टीटन धरण ५ जून १९७६ ला फुटलं तेव्हा गढूळ गळती सकाळी साडेसात-आठच्या सुमारास दिसली होती. दुपारी बाराला काही मिनिटं कमी असताना माथा कोसळला. भगदाड बुजवायला गेलेले दोन बुलडोझर त्यातच गेले. ते धरण ९३ मीटर उंच होतं आणि त्यालाही चार-साडेचार तासच मिळाले. तुमच्या धरणाला तेवढेही मिळतील असं धरून चालू नका.

लोकांना कळवल्यावर तलावाची पातळी उतरवायला घ्या. विमोचक, म्हणजे तळातून पाणी सोडायची मोरी, उघडा, पंप लावा, वक्रनलिका (सायफन) लावा. पातळी मीटरभर उतरली तरी आतला जोर बराच कमी होतो.

जमिनीतून उकळी फुटत असेल आणि भोवती वाळूचं कडं जमत असेल तर ते तोंड मातीने किंवा काँक्रीटने बुजवू नका. तो सगळ्यांचा पहिला विचार असतो आणि तोच घातक आहे. तोंड बंद केलं की पाणी बाजूने नवीन तोंड पाडतं. त्याऐवजी भोवती वाळूच्या गोण्यांचं गोल कडं रचून पाणी तुंबू द्या. आतल्या पाण्याची उंची वाढली की वाहण्याचा जोर कमी होतो. पाणी स्वच्छ येऊ लागेल एवढंच कडं उंच करा, वाहणं पूर्ण थांबवू नका. गळती पसरलेली असेल तर त्यावर आधी भरड वाळू, मग खडी, मग मोठे दगड असे थर टाकतात. पाणी जातं, माती अडते.

हे सगळं माथा खचलेला नसेल आणि पाणी वेगाने वाढत नसेल तरच. तलावाच्या पाण्यात भोवरा दिसला किंवा माथ्यावर खड्डा पडला, तर धरणावरून आणि पायथ्यापासून बाजूला व्हा. धरण वाचवायला माणूस गमवायचा नाही.

पाणी माथ्यावर चढायला आलं आहे. बांध एका बाजूने कापून पाणी काढून दिलं तर?

भराव कधीही कापू नका. मातीत एकदा पाण्याची धार लागली की ती तुमच्या हातात राहत नाही. वेळ असेल तर सांडव्यातला कचरा काढा, माथ्याच्या खचलेल्या जागी गोण्यांची रांग लावा. वेळ नसेल तर लोकांना हलवा.

माथ्यावर भेगा पडल्या आहेत.

कुठल्या दिशेला? हेच आधी बघायचं.

उन्हाने काळी माती तडकते आणि जाळीसारख्या वेड्यावाकड्या, उथळ भेगा पडतात. त्या बुजवून वर मुरुमाचा थर दिला की बहुधा भागतं. आडव्या भेगा, म्हणजे तलावाकडून कोरड्या बाजूकडे जाणाऱ्या, सगळ्यांत वाईट, कारण पाण्याला त्या आयतीच वाट देतात. जिथे खालचा खडक अचानक उंच-सखल होतो किंवा भराव डोंगराला भिडतो, तिथे त्या पडतात. धरणाच्या लांबीला समांतर भेग असेल, तिची टोकं वळून उताराकडे उतरत असतील आणि खाली पायथ्याशी जमीन फुगलेली असेल, तर उतार घसरायला निघाला आहे.

दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रुंदी रोज मोजा, काठी घालून खोली बघा, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिक अंथरा. आडवी किंवा वळलेली भेग असेल तर अभियंत्याला बोलवा आणि तो येईपर्यंत पातळी हळूहळू उतरवायला लागा. वरवर माती लोटून भेग झाकू नका, नाहीतर त्याला बघायला काही उरत नाही.

उतारावर झाडं छान वाढली आहेत. मुळं माती धरून ठेवतात ना?

नदीकाठी, डोंगरावर धरतात. धरणावर नाही. मूळ मेलं आणि कुजलं की तिथे पोकळी उरते, आणि ती पोकळी पाण्याला मिळते. वादळात मोठं झाड उन्मळलं तर मुळांबरोबर भरावाचा मोठा लपका निघतो. झाडांखाली गवत नीट येत नाही, जमीन धुपते. दाट झाडीत तुम्हाला ओल, भेगा आणि बिळं दिसतही नाहीत, आणि हे नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं. केली बार्न्सच्या भरावावरही झाडी माजलेली होती. ते का फुटलं याचं एकच कारण तपास समितीला ठरवता आलं नाही, पण कोरड्या बाजूचा उतार फार तीव्र होता आणि काही वर्षं आधी तो एकदा घसरलाही होता.

मनगटाएवढी रोपटी मुळासकट काढा आणि खड्डा थराथराने माती ठोकून भरा. मोठी झालेली झाडं मात्र सरसकट तोडू नका. बुंधा आणि मुळं काढायची की नाहीत, तलाव आधी किती उतरवायचा, गाळणी लागेल का, हे अभियंता ठरवेल. धरणावर हवं ते आखूड, दाट गवत. पायथ्यापासून पुढे पाच ते आठ मीटरचा पट्टाही मोकळा असावा.

घुशी, उंदीर आणि खेकड्यांच्या बिळांचं काय?

बीळ दोन्ही बाजूंनी आत आलं की मधली अडवणारी माती फार थोडी उरते. तोंडावर फावडंभर माती टाकणं निरुपयोगी, आत पोकळी तशीच राहते. उथळ बीळ खणून काढून थराथराने ठोकून भरायचं. खोल असेल तर तोंडात उभा पाइप बसवून त्यातून नऊ भाग माती आणि एक भाग सिमेंट यांचा पातळ गारा पूर्ण भरेपर्यंत ओततात. मग पाइप काढून वरची जागा मातीने ठोकून भरायची आणि गवत लावायचं.

तळातला पाइप जुना आहे, पण पाणी येतं. बदलायला हवा का?

मातीच्या धरणातली माझ्या मते सर्वांत नाजूक जागा हीच. भराव आणि पाइप यांच्या मधल्या फटीत माती नीट दाबली जात नाही, आणि पाणी पाइपच्या आतूनच नव्हे तर बाहेरूनही चालू लागतं. लॉन लेकमध्ये पाइप आणि झडप यांच्या सांध्यातलं शिसं झिजलं होतं. तिथून सुटलेल्या पाण्याने भोवतालची माती नेली आणि धरण गेलं. १२ जुलै १९६१ ला फुटलेल्या पानशेतमध्येही विमोचकाचं काम अपुरं असतानाच पाणी साठलं आणि मोरीवरचा भराव खचत गेला.

पाइपच्या तोंडाभोवती ओल आहे का, पाइपच्या रेषेवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत कुठे खळगा पडला आहे का, हे दर फेरीत बघा. झडप बंद असताना पाइपमधून गढूळ पाणी येत असेल तर पाइपला भोक पडलं आहे. नालीदार जस्ती पत्र्याचा पाइप असेल तर तो गंजतोच, प्रश्न फक्त किती वर्षांत एवढाच आहे. झडप तलावाकडच्या टोकाला असणं चांगलं, कारण खालच्या टोकाला असली तर भरावातला सगळा पाइप कायम दाबाखाली राहतो आणि फुटला तर पाणी थेट भरावात घुसतं.

आणि झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून बंद करा. दहा वर्षं न हललेली झडप नेमकी गरजेच्या रात्री हलत नाही.

दुरुस्तीसाठी तलाव लवकर रिकामा केला तर काही बिघडतं का?

बिघडतं. पाण्याकडचा उतार आतून भिजलेला आणि जड असतो. बाहेरच्या पाण्याचा आधार अचानक गेला की तो घसरतो. तातडी नसेल तर दिवसाला साधारण एक फूट, हा सर्वसाधारण वेग धरतात. आणीबाणीत अर्थातच हा नियम मागे पडतो, कारण फुटण्यापेक्षा पाण्याकडचा उतार घसरलेला परवडला.

पाण्याकडच्या बाजूचे दगड निखळले आहेत.

लाटा आपटून पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचं अस्तर, सुटतं आणि खालची माती पायरीसारखी कापली जाते. दगड परत लावताना त्यांच्याखाली खडी-वाळूचा थर हवाच, नाहीतर लाट दगडांच्या फटीतून माती ओढून नेते आणि दगड पुन्हा खचतात.

गाळ काढताना काय सांभाळायचं?

भरावाच्या मुळाशी खणू नका. तळाशी बसलेला गाळ बऱ्याचदा पाणी अडवणाऱ्या चादरीचं काम करतो. तो यंत्राने खरवडून खालचा मुरूम किंवा वाळू उघडी केली, की पुढच्या वर्षी पायथ्याची गळती वाढलेली दिसते. कोरड्या बाजूलाही पायथ्याजवळ खड्डा, विहीर किंवा शेततळं खणू नये, मातीसाठी पायथा कोरू नये.

पाहणी किती वेळा करायची?

एरवी महिन्यातून एकदा, तलाव भरलेला असताना आठवड्याला, मोठा पाऊस किंवा भूकंप झाला की लगेच. धरणात पहिल्यांदाच पाणी भरत असेल, किंवा पूर्वी कधी नव्हतं एवढ्या पातळीवर ते पोचत असेल, तर रोज जा. टीटन पहिल्याच भरणीत गेलं होतं.

माथ्यावरून चालत जा, मग पायथ्याने परत या, आणि मग उतारावर नागमोडी. माथ्यावर उभं राहून एक डोळा मिटून कडेच्या रेषेवरून बघितलं की खचलेली जागा लगेच दिसते. फोटो दर वेळी त्याच जागांवरून काढा. वही ठेवा आणि ‘काही विशेष नाही’ असं असेल तरी ते तारखेसह लिहा.

अभियंत्याला कधी बोलवायचं?

गढूळ किंवा वाढती गळती, आडवी भेग, फुगलेला पायथा, माथ्यावर खड्डा, हलत नसलेली झडप. यातलं एक दिसलं की थांबू नका. काहीच दिसत नसलं तरी काही वर्षांतून एकदा मातीच्या धरणांचं काम केलेल्या माणसाकडून तपासणी करून घ्या. आधी वही त्याच्या हातात द्या.

एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. भरावातल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा ग्लासातल्या ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. खडा नुसता ढासळून तळाशी बसला तर ठीक. भोवती दुधाळ ढग पसरत गेला तर माती पाण्यात स्वतःहून विरघळल्यासारखी सुटणारी आहे. अशा मातीत बारीक फटसुद्धा बघता बघता बोगदा होते. हे अभियंत्याला आवर्जून सांगा, त्यावर चुना किंवा जिप्सम मिसळण्याचे आणि गाळणीचे उपाय आहेत.

माझ्या धरणाला कायदा लागू होतो का? फुटलं तर जबाबदारी कुणाची?

मर्यादा देशागणिक वेगळ्या. भारताचा धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर, जसं माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर. इंग्लंडमध्ये उंचीऐवजी साठा बघतात, जमिनीच्या पातळीच्या वर साठणारं पाणी २५,००० घनमीटरपेक्षा जास्त. बहुतेक छोटी खासगी धरणं अशा मर्यादांच्या बाहेर राहतात. त्यावरून त्यांना धोका नाही असा अर्थ काढू नका. एवढाच अर्थ की तपासायला कुणी येणार नाही.

भरपाईच्या कायद्याची मुळं तर एका खासगी तळ्यातच आहेत. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचं पाणी जुन्या खाणींच्या वाटेने शेजाऱ्याच्या कोळसाखाणीत शिरलं. १८६८ मध्ये ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ निकालात मालकाचा हलगर्जीपणा नसतानाही त्याला जबाबदार धरलं गेलं. कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं, त्या खटल्यात १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारताच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, वेगळं मत दिलं. तलाव राखणं हे तिथे जमीनदाराचं कर्तव्यच होतं, म्हणून हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय तो जबाबदार नाही. तुमच्याकडे काय लागू होईल हे वकिलाला विचारा. कुठल्याही न्यायालयात तारखांनिशी भरलेली पाहणीची वही तुमच्या बाजूने बोलेल.

माझं धरण ‘उच्च धोका’ वर्गात टाकलं आहे. म्हणजे ते खराब आहे का?

नाही. हा वर्ग खाली कोण राहतं यावर ठरतो, धरणाच्या स्थितीवर नाही. उत्तम धरणाखाली वस्ती असेल तर ते उच्च धोक्याचं. तीस वर्षांपूर्वी खाली रान होतं आणि आज घरं आहेत, तर धरण न बदलता वर्ग बदलतो, आणि सांडवाही मग मोठ्या पुरासाठी तपासावा लागतो.

खालच्या लोकांसाठी काय तयारी ठेवायची?

एक कागद. पाणी कुठून कुठे जाईल याचा हाताने काढलेला नकाशा, त्या वाटेवरच्या प्रत्येक घराचा फोन नंबर, पोलीस आणि आपत्ती यंत्रणेचे नंबर, झडप कशी उघडायची, पंप कुणाकडे मिळेल. प्रत शेजाऱ्याकडेही द्या, कारण त्या दिवशी तुम्ही गावाला गेलेले असू शकता. नंबर दर वर्षी तपासा.

धरण असलेली जमीन विकत घेतो आहे. काय विचारू?

मूळ आराखडे, दुरुस्त्यांची नोंद, पाइप कधीचा आणि कशाचा, झडप तुमच्यासमोर उघडून दाखवायची, मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. आणि शक्य असेल तर तलाव भरलेला असताना धरण बघा. कोरडा तलाव दाखवून केलेल्या व्यवहारात गळती दिसत नाही.

आता पाण्याची गरजच उरलेली नाही. धरण तसंच सोडून दिलं तर?

सोडलेलं धरण पावसाळ्यात भरतच राहतं, फक्त बघणारं कुणी नसतं. नको असेल तर ते रीतसर मोडावं लागतं. आधी तलाव हळूहळू पूर्ण उतरवायचा. मग कोरड्या मोसमात भरावात तळापर्यंत रुंद खाच कापायची, इतकी रुंद की मोठ्या पुरातही तिच्यामागे पाणी तुंबणार नाही. तिच्या कडांना सौम्य उतार द्यायचा, तळाला दगड बसवायचे. आत साठलेला गाळ पहिल्या पावसात खाली जाऊ नये म्हणून तो आधी काढायचा किंवा त्यावर गवत धरू द्यायचं. खाच अरुंद ठेवली तर ओंडके अडकून तीच पुन्हा धरण होते, म्हणून रुंदी ठरवण्याचं काम अभियंत्याकडून पुराचा हिशेब करूनच घ्या.